माझ्या नावावर दादाचा आजार

माझा आजार माझ्या अंगात येण्याआधी तीन वर्षं रेल्वेच्या दवाखान्यात कागदावर हजर होता. नाव माझं, हुद्दा माझा, वय माझं. तपासलेलं अंग तेवढं दुसऱ्याचं. हे मी आजवर कोणाला लिहून दिलं नाही, कारण नोकरी होती. आता निवृत्त झालो आहे आणि डॉक्टरांच्या मते अजून काही वर्षं मला आहेत, तर त्यातला थोडा वेळ यात घालवतो.

आजार प्रोस्टेटच्या कॅन्सरचा. मूत्राशयाच्या खाली सुपारीएवढी ग्रंथी असते, तिच्यात गाठ होते. पुरुष हे दुखणं धोतराआड लपवतो. लघवीचा त्रास म्हटला की आपल्याकडे लोक आधी चारित्र्य तपासतात आणि मग नाडी. ज्याला असा त्रास सुरू झाला असेल त्याने लाज सोडून डॉक्टरकडे जावं, एवढ्यासाठी हे लिहायला बसलो होतो. पण तेवढंच लिहिलं तर मी पुन्हा एकदा खोटं बोललो असं होईल.

शाळेत एकच गेला

महादेवदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आमचा बाप मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात दुसऱ्याच्या वावरात राबायचा. दोघांपैकी एकालाच शाळेत घालता येईल हे त्याने ठरवून टाकलं होतं. दादा तोवर ढोरांमागे जायला लागला होता, म्हणून पाटी माझ्या हाती आली. वर्गाच्या दाराबाहेर बसून का होईना, मी सातवीपर्यंत शिकलो. ती सगळी वर्षं दादाने स्वतःचं आणि माझ्या वाटचं, दोन्ही काम केलं.

पुढे मी रेल्वेत लागलो. बडनेऱ्याच्या केबिनमध्ये सिग्नलचे खटके ओढायचं काम मिळालं, राहायला क्वार्टर मिळालं, पोरं शाळेत गेली. दादा मूर्तिजापूरला जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आणि कापसाचा हंगाम संपला की पुन्हा वावरात. चेहरा मात्र दोघांचा एकच. आई म्हणायची, एका भाकरीचे दोन तुकडे आहेत. दादा वाळलेला आणि मी जरा भरलेला, एवढाच फरक. एकदा तो क्वार्टरच्या दारात उन्हात बसला होता. त्याला बघून माझी बायको सरू मला हळूच म्हणाली, "तुमी आजारी पडले तर असेच दिसान."

खाकी कोट

आम्ही धम्म घेतल्याला तीन वर्षं झाली होती. जिनिंग सुरू व्हायला महिनाभर होता तेव्हा दादा आमच्याकडे आला आणि दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "शेष्या, लघवीले उभा राहतो आन् उभाच राहतो. धार तुटून राहिली. कंबरही भरून येते."

गावातल्या वैदूने गरमीचा, बाहेरख्याली माणसाला होतो तो रोग आहे असं चारचौघांत सांगितलं होतं. वैनी तेव्हापासून त्याच्याशी धड बोलत नव्हती. मी म्हटलं, अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात जा.

"गेलतो ना. लाइनीत बसलो. नंबर येईस्तोवर डॉक्टर उठले, उद्या ये म्हने. उद्याचा रोज कोन देईन मले?"

दोष दवाखान्याचा नव्हता. सगळ्या जिल्ह्याची माणसं त्या एका ओसरीवर येऊन बसत. ज्याला उद्या पुन्हा येणं परवडेल त्याला औषध मिळे. मला मात्र रेल्वेचा मोठा दवाखाना होता, बडनेऱ्याहून पश्चिमेला पाच-सहा तासांवर. जायला पास होता आणि आजारपणाची रजा पगारी होती. मी, बायको, पोरं एवढ्यांची नावं यादीत. भाऊ यादीत बसत नव्हता.

कल्पना माझीच. शाळेत गेलेल्याची हुशारी! मी स्टेशनमास्तरांकडून माझ्या नावाची आजारपणाची चिठ्ठी घेतली, आणि पास आणि माझा खाकी कोट दादाला दिला. संध्याकाळभर त्याची उजळणी घेतली.

"नाव?"

"शेषराव."

"वय?"

"पन्नास."

"काम?"

"केबिनमन."

"बापाचं नाव?"

"ते तं तेच हाये," दादा हसून म्हणाला. "चला, एक तरी खरं सांगता येईन."

सकाळच्या गाडीला तो निघाला. क्वार्टरच्या खिडकीतून फलाट दिसायचा. मी पडद्याआडून पाहिलं तर मीच फलाटावरून चाललो होतो. हमालाने मला रामराम केला. मी हात अर्धा वर नेऊन, बोटं न वाकवता परत सोडला, माझी सवय आहे तसाच. दादाला हे मी शिकवलं नव्हतं. मी डब्यात चढलो आणि गाडी गेली. सरू माझ्यामागे उभी होती. तिने माझ्या दंडाला हात लावून पाहिला.

त्यानंतर दोन दिवस मी घरात कोंडून होतो, कारण मी दवाखान्यात होतो. शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "शेषरावभाऊ गेले काय व दवाखान्यात? कसं वाटते घर?" आणि सरू माझ्याकडे बघत, माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून सांगायची, "गेले. घर सुनं सुनं वाटते." भरदुपारी आपल्याच घरात आपण नसल्याचं ऐकायची वेळ कोणावर येऊ नये. मी खोकला दाबायचो, भांडं हळू ठेवायचो. दुसऱ्या दिवशी जेवायला सरूचं आणि पोरांचं अशी तीनच ताटं मांडली गेली आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पत्र

दादा परत आला तो हसत. "तुह्या नावानं बोट घातलं बे डॉक्टरनं. इज्जत तुही गेली, दुखलं मले!" डॉक्टर कोकणाकडचे होते, चांगले बोलले, खांद्यावर हात ठेवला असं त्याने मला दोनदा सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते की पत्र येईल आणि मग भरती व्हायचं.

पत्र दहाव्या दिवशी माझ्या नावावर आलं. इंग्रजीत होतं, पण रेल्वेच्या कागदांनी मला तेवढं इंग्रजी शिकवलं होतं. ग्रंथीची अर्धी बाजू दगडासारखी कठीण लागते, कॅन्सरचा दाट संशय आहे, विलंब न करता भरती व्हावं, शस्त्रक्रिया लागेल, महिनाभर राहावं लागेल. शेवटी लिहिलं होतं की कामावर राहण्यास पात्र की अपात्र, ते नंतर कचेरीला कळवण्यात येईल.

मी खाटेवर बसून विचार केला. दादा महिनाभर शेषराव म्हणून खाटेवर पडणार, मग शेषरावने महिनाभर कुठे राहायचं? स्टेशनातलं कोणी ना कोणी भेटायला जाणारच. पकडलो तर नोकरी जाईल. नाही पकडलो तर 'अपात्र' असा शिक्का माझ्या नावावर बसेल आणि नोकरी तरीही जाईल. क्वार्टर जाईल आणि पोरांच्या शाळा जातील. दादाने राबून मला जे मिळवून दिलं तेच दादासाठी पणाला लावायचं होतं, आणि ते माझ्याने झालं नाही. पत्र ट्रंकेच्या तळाशी गेलं.

पुढच्या रविवारी दादा आला. आल्याआल्या विचारलं, "आलं काय पत्र?"

"आलं."

"काय म्हन्ते?"

"वयाची सूज हाये म्हन्ते. संध्याकाळचं पानी कमी पेत जा म्हन्ते."

"बस? मले वाटलं काय नं काय!" त्याचा चेहरा असा सुटला की मला बघवेना. "बरं झालं बापा. जिनिंग लागली, पाळी सोडनं जमतच नोतं." त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला आणि सरूला म्हणाला, तुह्या हातचं वांगं काय झालं व, एकदम भारी!

मी त्याला मारायला खोटं बोललो नव्हतो. दुसरा काही मार्ग काढू, हंगाम संपला की अमरावतीला नेऊ, असं मनात होतं. ते मनात राहिलं. तो हंगाम कसा गेला ते मला विचारू नका, मला तो चांगला आठवतो.

अकोल्याचा वॉर्ड

पुढच्या उन्हाळ्यात दादाची लघवी पूर्ण अडली. पाठीची हाडं तर कधीचीच ठणकत होती, पण तो ते पोत्यांच्या ओझ्यावर ढकलत होता. वैनीने आणि त्याच्या पोराने, सुखदेवने, त्याला अकोल्याला आणलं. नळी घातली आणि एक्स-रेचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, जमिनीवरही रोगी होते, पण त्याने दादाला नीट तपासलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "हाडांत उतरलंय. वर्षभर आधी आणायचं ना हो!"

मी मान हलवली.

पहिल्या दुपारी वॉर्डात शिरलो तर नर्सने माझा कोपर धरला. "ओ बाबा, उठून कुठे निघाले? नळी निघन ना!" मी म्हटलं, मी तो नव्हे. तिने खाटेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. कोपर असा सोडला, जणू चटका बसला असावा. मग रोज मी आलो की वॉर्डातलं बोलणं थांबायचं. दारापासून दादाच्या खाटेपर्यंत वीस पावलं, आणि रोगी माना वळवून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा शेवटी बोललाच, "तुमी त्याच्या उशाशी नका बसत जाऊ. पायथ्याशी बसा. एकापाशी एक दिसले का भेव वाटते." मी पायथ्याशी बसू लागलो.

दहाव्या दिवशी दादाला ताप चढला. डॉक्टरने शुद्ध आहे का बघायला विचारलं, "बाबा, नाव काय तुमचं?"

"शेषराव," दादा म्हणाला.

"वय?"

"पन्नास."

"काम काय करता?"

"केबिनमन."

सगळी उत्तरं बरोबर होती. एकही चुकलं नाही. डॉक्टरने खाटेवरची पाटी वाचली आणि म्हणाला, भ्रम झालाय. वैनी माझ्याकडे वळली. "असं काहून बोलून राहिले हे? तुमचं नाव काहून सांगून राहिले?" मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, तापात होते असं.

तो भ्रम होता की दादा त्याही अवस्थेत माझी नोकरी सांभाळत होता, हे मला कळलेलं नाही. शेवटचे दोन दिवस त्याने महादेव या नावाला ओ दिली नाही. वैनी हाका मारून रडकुंडीला यायची. मग मी त्याच्या कानाशी वाकून म्हणायचो, "शेषराव, पानी घे," की तो डोळे उघडायचा. माझ्याच तोंडून माझं नाव घ्यायचं आणि माझ्याच चेहऱ्याने त्याला ओ द्यायची, असं दोन दिवस चाललं. तो गेला तेव्हाही मी तेच नाव घेत होतो.

पाठ झालेला आजार

चीनच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी मी लघवीला उभा राहिलो आणि उभाच राहिलो.

दुसऱ्यांना हा आजार हळूहळू कळतो. मला तो पाठ होता. आता धार तुटेल, तुटली. आता कंबर भरून येईल, आली. पुढचं काय ते मला माहीत होतं, म्हणून मी तीन महिने कोणाला सांगितलं नाही. शहाणपण शिकवणाऱ्याने स्वतः किती शहाणपण केलं ते बघा. शेवटी सरूनेच पकडलं. मोरीच्या दाराबाहेर उभी राहून म्हणाली, "दादासारखं करून राहिले तुमी." आणि रडायला लागली. मग मी चिठ्ठी घेतली. या वेळी माझी.

दवाखान्यात कारकुनाने नाव विचारलं आणि आतून एक फाइल झटकून आणली. डॉक्टर तेच होते, केस पिकले होते. फाइल उघडून म्हणाले, "शेषराव! होतात कुठे तीन वर्षं? पत्र पाठवलं होतं मी."

"मिळालं नाही, साहेब."

त्यांनी फाइलमधून मला माझीच हकीकत वाचून दाखवली. केव्हा कंबर दुखायला लागली, कोणत्या कुशीवर झोपवत नाही, छातीत कसली धूळ जाते का असं विचारलं तर 'जिनिंगची, कधीमधी' म्हणालो. केबिनमनला जिनिंगची धूळ कुठून, असा प्रश्न तेव्हा त्यांना पडला नव्हता आणि आताही पडला नाही. त्या कागदात दादा बोलत होता. मी ऐकत होतो आणि 'हो' म्हणत होतो.

मग तपासलं. बोट काढून त्यांनी फाइल वाचली. पुन्हा तपासलं.

"नवल आहे. त्या वेळी अर्धी ग्रंथी दगड झाली होती. आता एका कडेला हरभऱ्याएवढं काहीतरी लागतंय. काय घेतलंत मधल्या काळात?"

"काही नाही."

"हा आजार मागे फिरत नाही, शेषराव." ते माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की वाटलं, आता यांना सगळं दिसलं. मग म्हणाले, "काही असो, मी थांबणार नाही. खरं सांगू? हा जुना कागद समोर नसता तर माझं बोट या हरभऱ्यावरून निघून गेलं असतं. तुम्हाला औषध देऊन सहा महिन्यांनी या म्हटलं असतं."

ज्या तपासणीचा निकाल मी दादापासून दडवला त्याच तपासणीने माझी गाठ वेळेवर शोधून दिली होती. तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने उत्तर आलं, कॅन्सरच.

खाटेवरचे दिवस

शस्त्रक्रियेत वृषणं काढून टाकतात. ज्याला हे करायचं आहे त्याला मी आडपडद्याने सांगणार नाही. ही गाठ पुरुषपणाच्या रसावर पोसते, म्हणून तो रसच तोडतात. दुखतं ते चार दिवस. त्यानंतर जे सलतं ते दुसरीकडे सलतं, पण जिवंत माणसालाच सलतं, हे ध्यानात ठेवा.

सकाळी घंटा, दूध, पट्टी. दुपारी सगळा वॉर्ड झोपायचा आणि मी जागा असायचो, कारण माझ्या खाटेच्या पायथ्याशी कोणी बसलं आहे असं मला वाटायचं. पायथ्याशीच, उशाशी नाही. मी कधी मान वळवून खात्री केली नाही. चांगल्या गोष्टीही होत्या. दाढी करणारा वॉर्डबॉय अकोटचा होता, तो वऱ्हाडीत अशा शिव्या द्यायचा की घर आठवायचं. सरूला पास होता, ती दर चार दिवसांनी येई. गोळ्या बडनेऱ्याच्या दवाखान्यात दर महिन्याला माझ्या नावाने येऊन पडणार होत्या. रजेचा पगार घरी पोचत होता. यातली एकही गोष्ट दादापाशी नव्हती, आणि मी बरा का झालो याचं उत्तर देवात शोधायची मला गरज पडली नाही.

गोळ्या बायकांच्या शरीरातल्या रसाच्या असतात. सहा महिन्यांत अंगावरचे केस गेले, छाती भरली, गालाची कातडी मऊ झाली. एक दिवस आरशासमोर बसलो होतो तर आरशात आई. मेलेली आई माझ्या बनियनमध्ये बसून माझ्याकडे बघत होती. सरू मागून आली आणि दारातच थबकली. "सासूबाई बसल्या असं वाटलं," असं म्हणून हसली, आणि हसता हसता खाली बसली. त्या वर्षी आम्ही एकमेकांकडे फार बघत नव्हतो. ती अंथरूण वेगळं टाकायची आणि मला त्याचा राग यायचा, मग राग आल्याची लाज. हे दीड-दोन वर्षांनी निवळलं. एकदा ती माझ्या केसांना तेल लावत असताना आपणहून म्हणाली, "आता भेव नाही वाटत." तुमच्याकडेही निवळेल. घाई करू नका.

आणि तो शिक्का. बसला की! 'केबिनच्या कामास अपात्र.' मला पार्सल ऑफिसात हलकं काम दिलं, क्वार्टर तेच राहिलं, पोरं शिकली. ज्या शिक्क्याच्या भीतीने मी दादाला घरी पाठवलं तो बसल्यावर एवढंच झालं.

नवल

निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी चार तरुण डॉक्टर बोलावून ठेवले होते. त्यांना माझी फाइल दाखवली. "दगडासारखी गाठ. उपचाराविना तीन वर्षं. मग गाठ आपोआप लहान. आणि आज बघा, समोर बसलेत!" मुलं माझ्याकडे देव्हाऱ्यातल्या मूर्तीकडे बघावं तशी बघू लागली. एकाने लिहून घ्यायला वही काढली.

तेव्हा माझ्याने राहवलं नाही. "साहेब, पहिली तीन वर्षं माझी नाहीत."

मी सगळं सांगितलं. वही मिटली. डॉक्टरांनी मुलांना बाहेर पाठवलं आणि फाइलवर हात ठेवला.

"भाऊ?"

"गेला."

"त्या दिवशी खरं सांगितलं असतंत, तर नियम सोडून मी त्याला घेतलं असतं का, हे मला विचारू नका," ते म्हणाले. "मला माहीत नाही." मग हळू आवाजात, "त्याला मुलगा आहे?"

परतीच्या गाडीत मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पेन्शन पक्की झाल्यावर मी खरं बोललो होतो. दादाला खरं ऐकण्याएवढंही आयुष्य उरलं नव्हतं आणि माझं खरं बोलण्याएवढं सुरक्षित झालं होतं.

त्याच्याच नावानं

बडनेऱ्यापर्यंत न जाता मी आधी मूर्तिजापूरला उतरलो. वैनी सरकी निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि कोट, पत्र, वयाची सूज, सगळं सांगितलं. ती निवडत राहिली. संपल्यावर तिने हात झटकले.

"मी त्याईले वर्षभर शिवली नाही," ती म्हणाली. "गरमीचा रोग हाये समजून. त्याईनं शपथा घातल्या. मी आयकलं नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "तुमच्यापाशी कागद होता."

वाटलं, आता हाकलेल. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

"आता मले काहून सांगता? सुखदेव तीनदा उठते झोपेतून. बेचाळीस वर्षांचा हाये. मले बोलत नाही, पन मी मोजते." तिचा आवाज चढला. "त्याले न्या. उद्याच्या उद्या न्या. पन त्याच्याच नावानं न्या, भाऊजी. तुमचा कोट नको."

सुखदेव जिनिंगमध्ये बापाच्याच जागी आहे. मी त्याला अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पहिल्या दिवशी नंबर लागला नाही. तो म्हणाला, काका, उद्या पाळी हाये. मी म्हटलं, तू पाळीवर जा, मी पहाटेपासून लाइनीत बसतो, पाळी सुटली की गाडीनं ये. मला आता वेळच वेळ होता. तिसऱ्या दिवशी खिडकीपाशी पोचलो. नाव सांगितलं, सुखदेव महादेव. कारकुनाने लिहिलं.

डॉक्टर तरुण होता. त्याने सुखदेवला तपासलं, रक्त घेतलं, आठवड्याने पुन्हा बोलावलं. आठवड्याने म्हणाला की आज तसलं काही दिसत नाही, साधी सूज आहे, औषधाने उतरेल, पण दर सहा महिन्यांनी यायचं, चुकवायचं नाही. मी ते सुखदेवला दोनदा म्हणायला लावलं. डॉक्टर हसला आणि कागद भरायला बसला.

"घरात कोणाला हा आजार होता?"

सुखदेव माझ्याकडे बघू लागला.

"याच्या बापाले होता," मी म्हटलं. "आन् मले हाये."

"सख्खे भाऊ?"

"हाव."

"वडील कधी गेले?"

"सात-आठ वर्षं झाली."

त्याने लिहिता लिहिता मान वर केली. "एकच आजार, एकच रक्त. मग तुम्ही कसे वाचलात?"

"मी रेल्वेत होतो, साहेब," मी म्हटलं.